तारेतला चांद

खुर्शीदाचं लग्न झालं त्या साली रमजान थंडीत आला होता. महिना संपत आलेला. तिचा बाप कादर पिंजारी पहाटे रोज्याआधीची सहेरी खाऊन साखरखेर्ड्याहून पायी निघाला, तो दुपार व्हायच्या आत मेहकरच्या तारघराच्या पायरीला लागला.

तारबाबू नारायणराव त्याला ओळखत होते. त्यांच्या घरच्या गाद्या दर दिवाळीला कादरच पिंजून द्यायचा. तार करायची म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, कोण गेलं. कोणी नाही, कादर म्हणाला. तार नागपूरला जायची होती, त्याच्या मुलाला, वहाबला, कॉलेजच्या हॉस्टेलात. आणि घरी सगळे खुशाल आहेत हे पहिल्यांदा टाका, नाहीतर तार हातात पडताच पोरगं मटकन खाली बसेल.

"बरं. पुढं?"

"काल चांद दिसला म्हून लिहा. आज ईद हाय."

नारायणरावांची लेखणी थांबली. चार दिवसांपासून जिल्हाभर आभाळ भरून होतं. सकाळी बाजारपेठेतले दोन-चार मुसलमान दुकानदार चौकशीला येऊन गेले होते, म्हणून त्यांनी लाईनवर विचारलंही होतं. अकोल्याला दिसला नाही, नागपूरला दिसला नाही. सगळ्यांनी तिसावा रोजा धरलेला. एवढ्या मुलखात चांद काय तुमच्या एकट्याच्या छपरावर उतरला का, असं ते हसत म्हणाले. कादर हसला नाही.

वहाबचं पत्र त्याच्या बंडीच्या खिशात होतं. गावच्या शाळेतल्या किसनराव मास्तरांनी ते त्याला दोनदा वाचून दाखवलं होतं. तीन मैलांची शर्यत तिसाव्या रोज्याला, दुपारी चार वाजता होती. पहिल्या तिघांत आला तर हॉस्टेलातली जागा राहणार, नाहीतर बिस्तरा बांधून घरी. खानावळ पहाटे उघडत नव्हती. पोरगं फुटाणे खाऊन, वर पाणी पिऊन रोजा धरत होतं. मागच्या आठवड्यात धावताना भोवळ येऊन पडलं, तोंड फुटलं. कसरतीचे मास्तर म्हणाले, रोजा सोड, नाहीतर शर्यतीतून नाव कमी करतो. वहाबनं लिहिलं होतं, 'मी "मले" म्हटलं की सगळी खोली "मले मले" करत हसते. म्हणून बोलणं बदललं. बूट घालून धावायला शिकलो. घरचा म्हणावा असा हा रोजाच तेवढा राहिला आहे, तो मी सोडणार नाही. एकोणतिसाव्याला चांद झाला तर गोष्ट वेगळी, दुसऱ्या दिवशी ईद, रोजा नाही, पाणी पिऊन धावेन. इथं आभाळ आहे. अब्बा, तुम्हाला दिसला तर तार करा.'

साखरखेर्ड्यात चांदाची साक्ष कादरची असे. कापसातली बारीक काडी दिव्याच्या उजेडात वेचणारे ते डोळे. लोक म्हणायचे, काजीसाहेब किताब पाहतात आणि कादर चांद पाहतो. काल संध्याकाळीही सगळं गाव मशिदीच्या गच्चीवर आभाळाकडं न पाहता त्याच्याच तोंडाकडं पाहत उभं होतं. त्यानं खूप वेळ पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग सगळे खाली उतरले.

नारायणरावांनी बाहेरच्या घड्यातलं पाणी पेल्यात ओतून आणलं आणि पायरीवर त्याच्यापुढं ठेवलं. आठ कोस चालून आलात, घ्या, म्हणाले. कादरच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यानं पेल्याकडं पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला.

"ईद आहे म्हणता, मग पाणी का नाही घेत, कादरभाई?"

कादरनं पेला हलकेच बाजूला सारला.

"धावायचं त्याले हाय, बाबूजी. मले नाही."

नारायणराव आत जाऊन खुर्चीवर बसले. कागद पुढं ओढला. हे तुमच्या माथी येईल, एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. येऊ द्या, कादर म्हणाला. मग त्यांनी विचारलं, चांद कोणी पाहिला म्हणून लिहू?

"माह्यंच नाव घाला. दुसऱ्याच्या नावावर तो पाणी पिणार नाही."

यंत्राचा खटखटाट सुरू झाला. तो थांबेपर्यंत कादर दाराशी उभा होता. मग पैसे देऊन तो आल्या वाटेनं परत निघाला. अर्ध्या वाटेवर दिवस मावळला, तेव्हा एका नाल्याशी बसून त्यानं ओंजळभर पाण्यानं रोजा सोडला.

आठ दिवसांनी वहाबचं कार्ड आलं. किसनराव मास्तरांनी वाचलं. तार अडीचला मिळाली, पाणी प्यालो, दुसरा आलो, जागा राहिली. शेवटी लिहिलं होतं, 'इथले सगळे म्हणत होते, चांद कुठंच दिसला नाही. मी म्हटलं, माझ्या बापानं पाहिला आहे.' हे पुन्हा वाचू का, असं मास्तरांनी विचारलं. कादर नको म्हणाला.

बकरीदच्या चांदाला गावची माणसं त्याला बोलवायला आली. डोळे गेले, तो म्हणाला. मांडीपुढं पडलेल्या कापसातून तो काड्या वेचतच होता. माणसांनी ते पाहिलं आणि ती निघून गेली. त्यानंतर कादर कधी त्या गच्चीवर चढला नाही.

पुढच्या साली शाबानच्या अठ्ठाविसाव्या तारखेला, रमजानचा चांद पाहायच्या आदल्या दिवशी, कादर पिंजारी वारला.