टाचणी

विलायतेत स्लाऊच्या गोदामातील नोकरीतून रजा मिळाली, तेव्हा गावी वडिलांचे तेरावेही उरकले होते. त्यांच्याविना घरात पाऊल ठेवण्याचे धैर्य होईना, म्हणून मी पोडगोरिका या एका युरोपीय देशाच्या लहानशा राजधानीत एकटाच भ्रमंतीस गेलो. तेथील वृक्षांवर माणसांच्या छायाचित्रांचे कागद टाचलेले होते. आपल्याकडील वाढदिवसाच्या फलकांसारखेच ते भासले. एका मिशाळ गृहस्थांच्या छायाचित्राशेजारी हसऱ्या मुखाने सेल्फी काढून मी बहिणीस धाडला. तत्काळ तिचा फोन आला. “दादा, कसला हसतोयस? काळी चौकट दिसत नाही का तुला? वारलेत ते!” मी वळलो, तर मागे काळ्या वस्त्रांतील एक वृद्धा त्याच कागदाकडे, बहुधा आपल्या पतीकडे, पाहत होती. मी कान पकडले, पाकिटातील वडिलांचे छायाचित्र पुढे केले आणि कसाबसा पुटपुटलो, “फादर.” तिने पतीच्या कागदाच्या टाचण्या काढून तो किंचित बाजूस टाचला आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवत एक टाचणी माझ्या तळहातावर ठेवली.