वाढत्या अंगाची रॅकेट

"याहून मोठी नाही का?" मार्तंडरावांनी विचारलं.

काउंटरपलीकडे ताराचंद चाटच पडला. सीताबर्डीवर खेळाच्या सामानाचं दुकान टाकून त्याला वीस वर्षं झाली होती. पण बॅडमिंटनची रॅकेट बुटासारखी माप बघून मागणारं गिऱ्हाईक आजच उगवलं होतं.

चारुलताला मात्र काही नवल वाटलं नाही. ती आपल्या बाबांना पुरती ओळखून होती. घरात तिच्यासाठी येणारी प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची. फ्रॉकला खाली चार बोटं दुमड, बुटांत पुढं कापसाचे बोळे आणि सायकल अशी की सीटवर बसलं की पाय लोंबकळलेच! ट्रेझरीतल्या या हेडक्लार्कांचं म्हणणं एकच, पोरं काय, बघता बघता वाढतात. पोर नऊ वर्षांची झाली, पण नवी असताना अंगाला बसली अशी एक वस्तू तिच्या नशिबी आली नव्हती. बसायला लागेपर्यंत ती विटून गेलेली असायची.

या खेपेला मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. रविवारी रामदासपेठेतल्या हॉलवर उन्हाळी शिबिराची निवड होती आणि फक्त दहा पोरं घेणार होते. महिनाभर ती गच्चीवर वहीच्या पुठ्ठ्यानं शटल उडवत होती. शंभर मोजून होईपर्यंत खाली पडू द्यायचं नाही, असा तिचा हट्ट.

ताराचंदनं एक हलकी रॅकेट तिच्या हातात दिली. "पाहा ना साहेब, कशी बरोबर बसून राहिली! नवशिक्याले हलकीच पाहिजे. मूठ बारीक पाहिजे."

खरंच बसली होती. चारूनं ती जराशी फिरवली आणि तिला हसूच फुटलं.

"ही दोन वर्षांत लहान होईल," मार्तंडराव म्हणाले.

"रॅकेट कायले लहान होते जी?"

"पोरगी मोठी होते ना!"

मार्तंडरावांनी दुकानातली सगळ्यात जड, जाड मुठीची रॅकेट निवडली. आता कॉलेज संपेपर्यंत बघायला नको, म्हणून घरी येईस्तोवर स्वारी खुशीत होती.

रविवारी व्हायचं तेच झालं. पहिल्या फटक्याला शटल चारूच्या पायाशी पडलं. दुसऱ्या फटक्याला रॅकेटच हातातून सुटली आणि थेट शिबिर घेणाऱ्या भैय्याजींच्या खुर्चीखाली गेली. पोरं फिदीफिदी हसली. चारूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

भैय्याजी जुने खेळाडू. त्यांनी रॅकेट उचलून हातात तोलली. "कोण्या पहिलवानाची आहे गा ही?" म्हणत ती बाजूला ठेवली आणि हॉलमधली एक जुनी, हलकी रॅकेट चारूला दिली. "हं, आता खेळ वं पोरी."

मग काय, पोरगी सुटलीच! भैय्याजींनी वीस शटल टाकली, तिनं वीसच्या वीस परतवली. मार्तंडराव तर असे टाळ्या पिटत होते, जणू यांनीच शिकवलं.

"घेतली हिले," भैय्याजी म्हणाले. "शाळेचा दाखला आणला काय? दहा वर्षांच्या आतलेच घेतो आम्ही."

मार्तंडरावांनी ऐटीत दाखला पुढं केला. भैय्याजींनी तो वाचला. परत वाचला.

"साहेब, याच्यात तर पोरगी अकराची आहे."

मार्तंडरावांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, ते... शाळेत लवकर घालायचं होतं. दोन वर्षं वाढवून सांगितली. म्हटलं, तेवढीच पुढं राहील. खरी नऊचीच आहे हो!"

"मले कागदच पाहा लागते जी." भैय्याजींनी चारूच्या हातातली रॅकेट हळूच काढून घेतली.

चारू रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली.

"माझी ती दोन वर्षं मले वापस द्या, बाबा."