आलोच

नवरा अडगळीच्या खोलीत बल्ब बदलायला गेला. मी जेवायला हाक मारली, तर म्हणाला, "आलोच."

या माणसाचं 'आलोच' मी लग्नापासून ओळखून आहे. त्यामुळे पुन्हा भौतिकशास्त्राचे पेपर तपासायला बसले. प्रश्न कृष्णविवराचा होता. एकीने चांगलं लिहिलं होतं: आत पडणारा माणूस बाहेरच्यांना हळूहळू मंदावताना दिसतो, तांबडा होत जातो, आणि तो आत गेलेला कुणालाच कधी दिसत नाही. त्याला स्वतःला मात्र काहीच वेगळं वाटत नाही. मी पूर्ण मार्क दिले.

पुन्हा हाक मारली. "आलोच." आवाज घोगरा वाटला.

तिसऱ्यांदा नुसता "आ" ऐकू आला, खर्जातला, आणि तो लांबतच राहिला.

मी वैतागून उठले आणि त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. तो पाठमोरा, स्टुलावर, हात वर केलेला. पांढरा शर्ट तांबूस दिसत होता. बल्ब तर अजून लागलाच नव्हता.

"अरे, उतर आता खाली."

त्याची मान माझ्याकडे वळायला लागली. ती वळून होईपर्यंत मी थांबले.

मागून, स्वयंपाकघरातून, मुलीची हाक आली. आवाज चिरका, आणि बोलणं इतकं भरभर की शब्द लागायला वेळ लागला.

"आई, कधीची दारात उभी आहेस? किती हाका मारायच्या?"

मला तर काहीच वेगळं वाटत नव्हतं.

"आलेच," मी म्हटलं.