मोरीत थुंकलेली गोळी

व्यसन सुटावं म्हणून मिळणारी गोळी ती सासूबाईंसमोर जिभेखाली ठेवायची आणि लगेच मोरीत जाऊन थुंकायची. अंगावरच्या बाळाच्या पोटात ते विष जायला नको. आज सकाळपासून मात्र तिचा जीव पुन्हा त्या जुन्या नशेकडे ओढ घेत होता. सासूबाईंनी बाळ उचललं, तेव्हा तिला वाटलं, ह्यांना कळलं सगळं. गेलं लेकरू हातचं!

"मोरीच्या जाळीवर तुझी गोळी सापडली," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. दुधात ती कणभरच उतरते, बाळाला चालते. तू गोळी सोडलीस तरच घात." त्यांनी नवी गोळी पुढे केली. "विरघळेपर्यंत मी धरते ह्याला. मग तूच घे बाई, मला कुठून येणार दूध!"