नाव कुठेच जात नाही

‘घरात तुम्हाला मारहाण होते का?’ मशीनच्या पडद्यावर प्रश्न उमटला आणि नवऱ्याने बायकोकडे न बघताच ‘नाही’वर बोट टेकवलं.

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डावा मोकळा होता, पण तिला विचारतंय कोण!

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सर्वेबाईने ते पाहिलं. पूर्वी ती हेच प्रश्न घेऊन दारोदार हिंडायची. नवरा हटत नसला की त्याला पाणी आणायला पिटाळायची आणि बाईला हळूच विचारायची. मग दवाखान्यात हे मशीन आलं. माणसापुढे लोक लाजतात, मशीनला खरं सांगतात, असं साहेब म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. एकटी आलेली बाई मशीनपुढे खरंच मोकळी व्हायची. सर्वेबाईचं काम आता एवढंच: पडदा पुसायचा, कुणी अडलं तर बटण दाखवायचं, बाकी तोंड उघडायचं नाही.

तिने तोंड उघडलं. “अहो दादा, खाली औषधाच्या खिडकीवर तुमचं नाव पुकारतायत.”

“मला नाही आलं ऐकू.”

“बघा बाई. नंबर गेला तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल.”

नवऱ्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “इथून हलायचं नाही,” बायकोला बजावून तो जिना उतरला.

सर्वेबाईने प्रश्न मागे आणला. “आता तू दाब. घाबरू नकोस, नाव कुठेच जात नाही. कोणी सांगितलं ते कुणाला कळत नाही.”

बायकोचं बोट काचेपाशी थबकलं. “कुणालाच नाही?”

“कुणालाच. अगदी मलासुद्धा.”

“मग दाबून काय होणार?”

सर्वेबाईने खुर्ची तिच्याजवळ ओढली. याचं उत्तर साहेबांनी शिकवलं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. एवढ्या वर्दळीतही बायकोने ती ओळखली. तिने घाईघाईने ‘नाही’ दाबलं.

“मशीनला नको, मला सांग,” सर्वेबाई कुजबुजली.

नवरा वर आला तो तणतणतच. “कुणी पुकारलं नव्हतं!”

“माझेच कान फुटके, दादा. चुकलं माझं.”

“झालं का हिचं?”

“झालं.”

तो बाकावरची पिशवी उचलायला वळला. बायको खुर्चीवरून उठताना सर्वेबाईकडे वाकली आणि ओठ हलले न हलले अशी पुटपुटली.

“पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, दुसरा मजला. दाराला कुलूप दिसलं तरी परत फिरू नका, ताई. मी आतच असते.”