पंचवीस अंशांखाली

लोरेनने पिशवी टेबलावर उपडी केली. औषधाची सहा खोकी, सनक्रीमची एक ट्यूब आणि चिमूटभर वाळू.

"घे, मोजून घे. तीन दुकानं फिरले. एकेक जण दोनच देतो."

हेझलने चष्मा चढवला. खोक्यांवरची ग्रीक अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण थायरॉइडची ती गोळी तिला खोक्याच्या रंगावरूनच ओळखू येई. गेली तीन वर्षं इंग्लंडातल्या त्यांच्या ग्रिम्सबी गावाहून जो कोणी ग्रीसला सुट्टीवर जाई त्याच्या हाती हेझल यादी देत असे. एक वाटा स्वतःसाठी, एक मैत्रिणीसाठी, जॅनिससाठी. इथला डॉक्टर दुसरी, स्वस्त गोळी लिहून देई. त्या गोळीने या दोघींना काही गुण येत नसे.

"ऑक्टोबरपर्यंत पुरतील?" जॅनिसने विचारलं. "त्याआधी तिकडे कोणीच जात नाहीये. आणि माझ्याकडची शेवटची गोळी आज सकाळी संपली."

"पुरतील."

जुलै महिना होता. जॅनिसच्या लोकरी जॅकेटची सगळी बटणं लावलेली होती, हेझलच्याही. थायरॉइड मंदावलं की अंगात ऊब टिकत नाही. जॅनिसची भावजय लोरेन बिनबाह्यांच्या झग्यात घामाघूम झाली होती.

"या घरात खिडकी उघडतात का कधी?"

"उघडतात की. ऑगस्टात," हेझल म्हणाली.

"विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडली," लोरेन खुर्ची ओढून बसली. "म्हणतो, 'बाई, हे सगळं तुम्हालाच लागतं?' म्हटलं, बाळा, तू माझा नवरा बघितलास का? त्याच्याबरोबर संसार करायला ताकद लागते. सोडलं बिचाऱ्याने."

जॅनिस हसली. हल्ली ती विनोदाला वेळेवर हसत असे. जानेवारीत गोळ्या संपल्या होत्या, तेव्हा शेजारणीला ती न्हाणीघरात गार पाण्याच्या टबात बसलेली सापडली होती. पाणी कधी गार झालं हे तिला कळलं नव्हतं. उठायला हवं, हेही सुचलं नव्हतं. आता एप्रिलपासून ती पुन्हा मासळीच्या कारखान्यात फिरत्या पट्ट्यापाशी कामाला उभी राहत होती.

हेझलने लाकडी फळी, पातं आणि उकडलेलं अंडं ठेवायच्या दोन रिकाम्या वाट्या मांडल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली होती. एका गोळीचे चार तुकडे करायचे, तर ते सारखेच पडत.

"सांभाळून आणल्यात हं मी," लोरेन म्हणाली. "हॉटेलात ठेवल्याच नाहीत. खोली झाडायला येणारी बाई उचलून न्यायची. भाड्याच्या गाडीत ठेवल्या, पुढच्या खणात, कुलूप लावून."

पातं थांबलं.

"किती दिवस?"

"पहिल्याच दिवशी घेऊन टाकल्या ना. म्हणजे नऊ."

"गाडी सावलीत असायची?"

"सावली? क्रीटमध्ये? अगं, स्टिअरिंग धरायला टॉवेल लागायचा मला. त्याच खणात चॉकलेट विसरले होते, त्याचं सूप झालं."

हेझलने खोकं उलटं केलं. न कळणाऱ्या अक्षरांच्या ओळीत एक आकडा होता, पंचवीस, आणि त्याच्या डोक्यावर एक बारीकसं वर्तुळ. यादीत तिने गोळीचं नाव लिहिलं होतं. किती हव्यात ते लिहिलं होतं. दुकानदाराला दाखवायला ग्रीक नावही उतरवून दिलं होतं. गार जागी ठेव, हे लिहिलं नव्हतं.

तिने एक गोळी काढून फळीवर ठेवली. पांढरी. कापली तर सरळ कापली गेली. वास नाही, डाग नाही. उष्णतेने आतलं औषध गेलं असलं तरी गोळी अशीच दिसते.

"काय गं, चुकीच्या आणल्या की काय?" लोरेनच्या नाकाचं सालटं उन्हाने निघालं होतं.

"नाही. याच हव्या होत्या."

ती उठली. कोठीच्या थंड कपाटातून तिने बिस्किटांचा डबा आणला. त्यात गेल्या वर्षीच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या उरल्या होत्या, तिच्या स्वतःच्या वाट्याच्या. त्या तिने जॅनिसपुढे सरकवल्या.

"तू आधी या संपव. यांची तारीख जवळ आलीय."

"बघ लोरेन, ताजं स्वतःला आणि शिळं मला."

"तोंड बंद कर आणि पर्समध्ये टाक."

"आणि नव्यातल्या माझ्या?"

"इथेच राहू देत. महिनाभराने ने."

"महिनाभर काय करणार त्यांचं?" लोरेनने विचारलं. "मुरत घालणार?"

"हो. लोणचं घालते."

दोघी खळखळून हसल्या. हेझलने कापलेले चार तुकडे एका वाटीत भरले. दुसरी, जॅनिसच्या वाट्याची, रिकामीच पालथी घातली.

फ्रिजच्या दारावर चौकटीचा कागद लावलेला होता. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी थर्मामीटर जिभेखाली धरायचा आणि आकडा तिथे टिपायचा, ही तिची जुनी सवय. आजचा आकडा छत्तीस पूर्णांक सहा अंश होता, अगदी ठीक. दोघी आपापल्या वस्तू गोळा करत होत्या, तेवढ्यात तिने त्याच्याखाली पट्टी धरून एक रेघ मारली आणि रेघेखाली उद्याची तारीख घातली.

लोरेन गाडी काढायला पुढे गेली. दारात जॅनिसने हेझलचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"अगं, किती ऊबदार आहेत तुझे हात!"

"आज आहेत," हेझल म्हणाली.