लूमवरचं गाणं

अक्षरं मला उशिरा आली. ओठ वाचणं आधी आलं. सुरतच्या कापड कारखान्यात लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे. नवरा लूमवर, मी समोर सुताच्या बॉबिन भरायला. माझ्यावर स्वतः रचलेलं गाणं तो तिथंच गायचा, घरी कधीच नाही. शब्द मी ओठांवरून उचलले, चाल माझी मीच लावली. शहाण्णव साली मुलीच्या हळदीला बायकांनी आग्रह केला, म्हणून तेच गाणं म्हटलं. कारखान्याची पायरी न चढलेली शेजारची सुंदरा फिस्सकन हसली. "वहिनी, चाल चुकनी तुमनी!" अन् तिनं तीच ओळ सुरात म्हणून दाखवली. ती चाल मी पहिल्यांदाच ऐकत होते. हळदीची वाटी मी तिच्यापुढं आदळली. "मंग पुढलं तूच म्हन, सटवे. अन् कोठे शिकनी, तेबी सांग." बायकांच्या गलक्यात मांडवाच्या दारातून नवरा काहीतरी बोलला. त्याच्या ओठांकडे मी पाहिलंच नाही.